सँड्रा श्मर्लर आणि वळणारा दगड

कॅरमच्या पटावर पावडर का टाकतात, असे वर्गात विचारले तर उत्तर चटकन येते : घर्षण कमी व्हावे म्हणून. पट गुळगुळीत झाला की स्ट्रायकर सरळ रेषेत जातो आणि चांगला खेळाडू या सरळपणावरच आपला सगळा हिशेब बांधतो. आता अशी कल्पना करू, की पट सुमारे ४५ मीटर लांब आहे, पावडरीच्या जागी बर्फ आहे आणि स्ट्रायकर म्हणजे अठरा-वीस किलो वजनाचा ग्रॅनाइटचा दगड आहे. दगड सोडताना त्याला हलकासा पीळ दिला, की तो सरळ न जाता हळूहळू एका बाजूला वळत जातो. या खेळाचे नाव कर्लिंग.

आपल्याकडे हा खेळ पाहायला मिळतो तो हिवाळी ऑलिंपिकच्या दिवसांत, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. संथपणे सरकणाऱ्या दगडापुढे दोन माणसे जीव तोडून झाडू मारत पळत आहेत, हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येते. आम्हालाही आले होते. पुढे घर्षणाचा अभ्यास करताना या खेळाशी पुन्हा गाठ पडली आणि हसू मावळले. कारण, हा दगड का वळतो या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर भौतिकशास्त्रज्ञ जवळजवळ शंभर वर्षे वाद घालत आले आहेत. दुसरीकडे, त्याच वळणाच्या भरवशावर खेळाडू जगज्जेते होत आले आहेत. त्यांपैकी एकीची कारकीर्द आणि तिच्या हातातल्या दगडाचे शास्त्र, या दोन्ही गोष्टी आपण इथे शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहोत.

तळ्यावरचा खेळ

कर्लिंगचा जन्म स्कॉटलंडचा. सोळाव्या शतकात तिथे गोठलेल्या तळ्यांवर दगड सरकवण्याच्या चुरशी होत, असे लेखी उल्लेख आहेत. १८३८ साली एडिंबरो येथे या खेळाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली आणि नियमांत एकसारखेपणा आला. त्याआधीच स्कॉटिश स्थलांतरितांनी हा खेळ कॅनडात नेला होता. माँट्रिअलचा कर्लिंग क्लब १८०७ सालचा. कॅनडाच्या पश्चिमेकडील सपाट, गव्हाच्या प्रदेशात तर हा खेळ घरोघरचा झाला. तिथला हिवाळा लांबलचक, शेतीची कामे थांबलेली. अशा वेळी गावकऱ्यांनी एकत्र येण्याचे ठिकाण म्हणजे कर्लिंगचा बर्फ.

नियमानुसार दगडाचे वजन १७.२४ ते १९.९६ किलोग्रॅम असते आणि परीघ ९१.४४ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. उत्तम दगड स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एल्सा क्रेग या लहानशा बेटावरच्या खडकाचे असतात. हा खडक बारीक कणांचा आणि चिवट आहे. तो पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे आत शिरलेले पाणी गोठून दगडाचे टवके उडण्याची भीती कमी. दगडाचा तळ मध्ये खोलगट असतो. बर्फाला टेकते ती फक्त बारा-तेरा सेंटिमीटर व्यासाची आणि काही मिलिमीटर रुंदीची एक गोल कड.

बर्फही आरशासारखा सपाट नसतो. खेळ सुरू होण्यापूर्वी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते थिजून बर्फावर बारीक बारीक पुटकुळ्या उठतात आणि दगडाची कड त्यांच्या माथ्यांवरून सरकते. या पुटकुळ्या नसतील तर दगड थोड्याच अंतरावर थांबेल.

प्रत्येक संघात चार खेळाडू. प्रत्येकाला एका डावात दोन दगड, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून सोळा. पलीकडच्या टोकाला बर्फावर १.८३ मीटर त्रिज्येचे वर्तुळ रंगवलेले असते. त्याला 'घर' म्हणतात. सोळा दगड झाले, की घराच्या मध्याच्या सर्वांत जवळ ज्याचा दगड त्या संघाला गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आपले जितके दगड मध्याजवळ, तितके गुण. असे दहा डाव. चौथा खेळाडू सहसा कर्णधार असतो. इतर तिघे दगड टाकत असताना तो पलीकडे घरात उभा राहून बर्फ 'वाचतो' आणि कोणत्या दिशेला दगड सोडायचा ते झाडू धरून दाखवतो. डावातले शेवटचे दोन दगड मात्र त्याचे स्वतःचे.

एक टक्क्याची चूक

ज्या कौशल्याबद्दल आपण बोलणार आहोत ते किती बारीक आहे, हे कळण्यासाठी नववीच्या गणिताइतका एक हिशेब करून पाहू.

बर्फावर दोन आडव्या रेषा असतात. पहिल्या रेषेच्या आत खेळाडूने दगड सोडलाच पाहिजे आणि दगडाने दुसरी रेषा ओलांडलीच पाहिजे. दोन रेषांमधले अंतर २१.९५ मीटर. पहिल्या रेषेपासून पलीकडच्या घराच्या मध्यापर्यंतचे अंतर २८.३५ मीटर. घराच्या मध्यावर थांबणारा दगड चांगल्या बर्फावर या दोन रेषांमधले अंतर साधारण १४ सेकंदांत कापतो. घर्षण वाटभर सारखेच आहे असे धरले, तर गतीच्या नेहमीच्या समीकरणांवरून ऋण त्वरण दर सेकंदाला, दर सेकंदाला सुमारे ०.०८ मीटर येते. दगड सोडतानाचा वेग सेकंदाला सुमारे २.१ मीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाहून थोडा जास्त, आणि पूर्ण प्रवासाला लागणारा वेळ सुमारे २७ सेकंद. घर्षणगुणांक येतो ०.००८. आपल्या लाकडी टेबलावर सरकणाऱ्या पुस्तकाचा घर्षणगुणांक याच्या कितीतरी पट असतो.

आता पुढची पायरी. थांबेपर्यंत कापलेले अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून सोडताना वेगात फक्त एक टक्का चूक झाली तर अंतरात दोन टक्के चूक होते. अठ्ठावीस मीटरांचे दोन टक्के म्हणजे सत्तावन्न सेंटिमीटर! सव्वातीन टक्क्यांची चूक झाली तर मध्यावर थांबायचा दगड घराच्या पार कडेला जाऊन बसतो. सेकंदाला २.१ मीटर आणि २.१२ मीटर या वेगांतला फरक हाताला, पायाला, संपूर्ण शरीराला कळावा लागतो आणि तोही दर वेळी. कारण, सामना जसा पुढे सरकतो तशा पुटकुळ्या झिजतात आणि त्याच पट्टीवरचा बर्फ वेगळा वागू लागतो.

उरलेली दुरुस्ती झाडणारे करतात. झाडूच्या घासण्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण घटते, दगड थोडा पुढे जातो आणि थोडा कमी वळतो. त्यांना दगड लांब नेता येतो. मागे मात्र ओढता येत नाही. तेव्हा कधी झाडायचे आणि कधी थांबायचे हे दगडासोबत धावता धावता ठरवायचे असते.

बिगर ते रिजायना

सँड्रा श्मर्लरचा जन्म ११ जून १९६३ रोजी कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील बिगर या लहानशा गावी झाला. गावाच्या वेशीवर गमतीची पाटी आहे. न्यूयॉर्क मोठे असेल, पण हे त्याहून मोठे, असा गावाच्या नावावर केलेला श्लेष तिच्यावर आहे. लोकसंख्या मात्र दोन-अडीच हजारांची. अशा गावातल्या इतर मुलांप्रमाणे सँड्राही लहानपणीच कर्लिंगच्या बर्फावर गेली आणि शालेय वयातच संघातून स्पर्धा खेळू लागली. पुढे सस्काटून येथील सस्कॅचेवान विद्यापीठात तिने शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि प्रांताची राजधानी रिजायना येथे एका क्रीडा-मनोरंजन केंद्रात पर्यवेक्षक म्हणून नोकरी धरली.

रिजायनाला कर्लिंगची परंपरा होती. एर्नी रिचर्डसन आणि त्याच्या आप्तांच्या संघाने १९५९ ते १९६३ या काळात चार वेळा जागतिक विजेतेपद या शहरात आणले होते. ही सारी मंडळी हौशी होती. नोकरी-व्यवसाय सांभाळायचा, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी बर्फावर जायचे, असा तो रिवाज. सँड्राची पिढीही याच रिवाजात वाढली. १९८७ साली कॅथी फालमनच्या संघात तिसऱ्या क्रमांकावर खेळत ती पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिथे विजेतेपद मिळाले नाही.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी जॅन बेटकर, जोन मॅककस्कर, मार्शा गुडराइट आणि सँड्रा अशा चौघी एकत्र आल्या. कर्णधारपद सँड्राकडे आले. १९९३ साली त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि जिनिव्हा येथे जागतिकही. १९९४ साली पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद आणि जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फ येथे पुन्हा जागतिक. पुढची दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद इतरांकडे गेले. अशा वेळी संघ फुटतात, खेळाडू बदलले जातात. या चौघी मात्र एकत्र राहिल्या आणि १९९७ साली राष्ट्रीय स्पर्धा जिंकून त्यांनी बर्न येथे तिसऱ्यांदा जगज्जेतेपद मिळवले. महिलांची जागतिक स्पर्धा १९७९ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून संघाचे नेतृत्व करत ती तीन वेळा जिंकणारी सँड्रा ही पहिलीच.

एकत्र राहण्याला या खेळात विशेष अर्थ आहे. टाकणारी एक, झाडणाऱ्या दोघी आणि पलीकडे उभी राहून वळण पाहणारी चौथी, अशा चार जणी मिळून एकच दगड खेळत असतात. दगड सुटताच झाडणाऱ्या त्याच्या वेगाचा अंदाज ओरडून सांगतात, तर कर्णधार त्याच्या रेषेचा. वेग एकीला नीट दिसतो, रेषा दुसरीला. दोन अपुऱ्या निरीक्षणांतून पंचवीस सेकंदांत एक निर्णय तयार होतो. प्रयोगशाळेत आम्ही ज्याला मापन आणि दुरुस्ती म्हणतो, तेच हे काम. फक्त विचार करायला वेळ नसतो.

ब्रँडन आणि नागानो

कर्लिंग ऑलिंपिकमध्ये १९२४ साली शामोनी येथे पुरुषांसाठी खेळले गेले होते. त्यानंतर ते अधूनमधून केवळ प्रदर्शनीय खेळ म्हणून येत राहिले. पदकांसह ते परतले १९९८ च्या नागानो येथील स्पर्धेत आणि या वेळी महिलांसाठीही. कॅनडाचा संघ ठरवण्यासाठी नोव्हेंबर १९९७ मध्ये मॅनिटोबा प्रांतातील ब्रँडन येथे चाचणी स्पर्धा झाली. सँड्राला सप्टेंबरमध्ये पहिली मुलगी झाली होती. तान्ह्या बाळाला घेऊनच ती स्पर्धेला आली.

अंतिम सामना शॅनन क्लाइब्रिंकच्या संघाशी होता. सातव्या डावात सँड्राने टाकलेला एक दगड कॅनडातले कर्लिंगप्रेमी अजून विसरलेले नाहीत. बाजूला पडलेल्या एका दगडाला तिच्या दगडाने कड घासून धडक दिली, दिशा बदलली, तो घराच्या मध्याकडे वळला आणि तिथे बसलेला प्रतिस्पर्ध्याचा दगड त्याने बाहेर काढला. एका फटक्यात तीन गुण. कॅरममध्ये स्ट्रायकर एका सोंगटीवर 'कट' होऊन दुसऱ्या सोंगटीवर जातो, तसाच हा प्रकार. पण इथे स्ट्रायकर बोटभर अंतरावरून नव्हे, तर वीस-पंचवीस मीटरांवरून येतो आणि तोही वळत वळत. सारख्या वस्तुमानाच्या दोन वस्तूंची तिरकी टक्कर झाली तर त्या एकमेकींपासून जवळजवळ काटकोनात दूर जातात, हे आपण पुस्तकात शिकवतो. दगड नेमका कुठे घासला जातो त्यावर त्याची पुढची दिशा ठरते. त्यात एखाद्या सेंटिमीटरची चूकही चालत नाही. हा सामना श्मर्लरच्या संघाने ९-६ असा जिंकला.

नागानोच्या स्पर्धेतले कर्लिंगचे सामने कारुइझावा या गावी झाले. उपांत्य सामन्यात ब्रिटनविरुद्ध दहा डावांत निकाल लागला नाही. जादा डाव खेळून कॅनडा ६-५ असा निसटता जिंकला. १५ फेब्रुवारी १९९८ रोजी अंतिम सामन्यात डेन्मार्कला ७-५ असे हरवून चौघींनी महिला कर्लिंगचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. हरलेल्या डेन्मार्कलाही त्या दिवसाचे अप्रूप होते. हिवाळी ऑलिंपिकमधले त्या देशाचे ते पहिलेच पदक.

यानंतर सँड्राच्या वाट्याला फार दिवस आले नाहीत. जून १९९९ मध्ये तिला दुसरी मुलगी झाली. त्याच वर्षी, काही महिन्यांतच, तिला कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचार चालू असताना फेब्रुवारी २००० मध्ये ती कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दूरचित्रवाणीवर समालोचन करायला गेली. २ मार्च २००० रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, ती गेली. तिचा अंत्यविधी राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर थेट दाखवण्यात आला. त्या दिवसांत सस्काटूनला पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा चालू होती. तिथल्या प्रेक्षागृहातही लोकांनी तो पडद्यावर पाहिला. २००१ मध्ये तिच्या नावाने एक प्रतिष्ठान सुरू झाले. अकाली जन्मलेल्या आणि आजारी नवजात बालकांच्या उपचारांची साधने ते रुग्णालयांना मिळवून देते.

पेला डावीकडे, दगड उजवीकडे

सँड्रा ज्या विद्यापीठात शिकली, त्याच विद्यापीठात तिच्या जन्माच्या चाळीस वर्षे आधी ई. एल. हॅरिंग्टन नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. ज्या प्रदेशात हिवाळाभर सगळे गाव दगड सरकवत असते, तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाला त्या दगडाबद्दल प्रश्न पडणे साहजिकच होते. त्यांनी दगडांच्या गतीची मोजमापे केली आणि १९२४ साली, म्हणजे ज्या वर्षी शामोनीला कर्लिंग खेळले गेले त्याच वर्षी, कॅनडाच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. दगडाच्या वळणाचा शास्त्रीय अभ्यास तिथून सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही.

इथे आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका कार्यशाळेत आम्ही घर्षणावर बोलताना कर्लिंगची चित्रफीत दाखवली. दगड का वळतो, असे एका बाईंनी विचारले. आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले : घर्षण तळाशी मागे खेचते, गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे दगड पुढच्या बाजूला दबतो, पुढची कड अधिक घासते आणि फिरणारा दगड त्यामुळे वळतो. सगळ्यांनी ते लिहून घेतले. दुपारच्या सुटीत त्या बाई चहाचा रिकामा पेला घेऊन आल्या. तो त्यांनी टेबलावर उपडा ठेवला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत पुढे सरकवला. पेला डावीकडे वळला. "सर, चित्रफितीतला दगड असाच फिरत होता. पण तो उजवीकडे गेला," त्या म्हणाल्या.

बाईंचे म्हणणे बरोबर होते. आमचे उत्तर पेल्याचे होते, दगडाचे नव्हते. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या वस्तूची पुढची कड उजवीकडे जात असते, म्हणून तिच्यावरचे घर्षण डावीकडे लागते. मागच्या कडेवर याच्या उलट. पुढे दाब जास्त, म्हणून पुढचे घर्षण वरचढ आणि वस्तू डावीकडे. पेला हे नियम पाळतो. दगड मात्र बरोबर उलट वागतो. उत्तर देण्यापूर्वी दिशा तपासायला हवी होती. ती आम्ही तपासली नव्हती.

शंभर वर्षांचा वाद

दगड उजवीकडे जातो, याचा अर्थ मागच्या कडेवर उजवीकडे लागणारे बल वरचढ ठरत असले पाहिजे, किंवा मग वेगळेच काहीतरी घडत असले पाहिजे. हॅरिंग्टन यांनी डाव्या-उजव्या बाजूंच्या फरकाकडे बोट दाखवले होते. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या दगडाची डावी बाजू बर्फावरून अधिक वेगाने जाते, उजवी कमी वेगाने. बर्फावर वेग कमी झाला की घर्षण वाढते. म्हणून उजव्या बाजूला घर्षण जास्त. पण अडचण अशी, की डाव्या-उजव्या कडांवरचे घर्षण मागच्या दिशेनेच लागते. त्याने दगडाच्या फिरण्यावर परिणाम होईल. त्याला बाजूला ढकलणारे बल त्यातून सरळपणे मिळत नाही.

दुसऱ्या पक्षाने पुढच्या-मागच्या फरकाचा आधार घेतला. कॅनडातील मार्क शेगेल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये असे मांडले, की पुढची कड जास्त दाबते म्हणून तिथला बर्फ जास्त तापतो, पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि घर्षण उलट कमी होते. मग मागचे घर्षण वरचढ ठरते. कल्पना आकर्षक होती, पण हिशेब जुळेना. प्रत्यक्षात दगड जितका वळतो तितका वळण्यासाठी पुढच्या-मागच्या घर्षणात फारच मोठा फरक लागतो, असा आक्षेप घेतला गेला. शिवाय एक विचित्र गोष्ट कोणत्याच सिद्धान्तात नीट बसत नव्हती. दगड संपूर्ण प्रवासात दोन-तीन फेऱ्याच फिरतो. त्याला याच्या कितीतरी जास्त फेऱ्या दिल्या तरी वळण फारसे वाढत नाही.

२०१३ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळा मुद्दा मांडला. दगडाची कड खडबडीत असते. पुढची कड बर्फावर बारीक तिरकस ओरखडे काढते आणि मागची कड त्याच ओरखड्यांवरून जाताना त्यांच्या दिशेने ओढली जाते. बर्फावर आधीच ओरखडे काढून ठेवले तर दगड त्यांच्या दिशेने वळतो, हेही त्यांनी दाखवले. यावर दोन्ही गटांत खंडनमंडन झाले. शेगेल्स्की आणि एडवर्ड लोझोव्स्की यांनी २०१६ मध्ये आणखी एक कल्पना मांडली. दगड पुटकुळ्यांवर क्षणभर अडकतो, त्यांच्याभोवती किंचित गिरकी घेतो, सुटतो आणि पुन्हा अडकतो. २०२२ मध्ये जपानचे जिरो मुराता यांनी दगडाच्या गतीची प्रतिमांवरून अतिशय काटेकोर मोजणी केली. त्यांचा निष्कर्ष असा, की संथ बाजूला घर्षण खरोखरच जास्त असते आणि त्या बाजूच्या सुट्या सुट्या टेकणबिंदूंभोवती दगड झुलत जातो, म्हणून तो वळतो. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या दगडाची संथ बाजू उजवी. म्हणून दगड उजवीकडे. हॅरिंग्टन यांनी १९२४ मध्ये दाखवलेली डावी-उजवी बाजू अशी अठ्ठ्याण्णव वर्षांनी, नव्या रूपात परत आली. ओरखड्यांचे म्हणणे मांडणाऱ्यांनी मात्र यामुळे आपला दावा सोडला आहे असे नाही.

हे कोडे इतके अवघड का, याचा अंदाज आपल्या हिशेबावरूनच येतो. एकोणीस किलोच्या दगडाला मागे खेचणारे घर्षण सुमारे दीडशे ग्रॅम वजनाइतके असते. सत्तावीस सेकंदांत दगड सव्वा मीटरभर बाजूला गेला असे धरले, तर त्याला बाजूला नेणारे सरासरी बल निघते जेमतेम सहा-सात ग्रॅम वजनाइतके. काही मिलिमीटर रुंदीच्या कडेखाली, झिजत जाणाऱ्या पुटकुळ्यांच्या माथ्यावर, एवढे सूक्ष्म बल कुठून येते ते शोधायचे आहे!

वर्गात हे कसे सांगावे

ब्रँडनच्या त्या सातव्या डावात दगडाचे वळण कोणाला समजावून सांगता येत नव्हते. शेगेल्स्कींचा निबंध येऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि तो पुरा पडणार नव्हता. तरीही सँड्राला दगड कुठे जाईल हे ठाऊक होते. हे ज्ञान अंतर्ज्ञान किंवा दैवी देणगी म्हणून बाजूला सारावे असे नाही. हजारो दगड टाकून, प्रत्येकाचा शेवट पाहून, पुढच्या दगडात बदल करून ते मिळवले होते. अंदाज, पडताळणी आणि दुरुस्ती या पायऱ्या त्यात होत्याच. हॅरिंग्टनही तेच करत होते. फरक प्रश्नाचा होता. एकाचा प्रश्न 'का', दुसरीचा 'कुठे आणि किती'. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या उत्तराविना मिळू शकते. पण पहिल्या प्रश्नावर जो सिद्धान्त मांडला जाईल, त्याला खेळाडूंनी आधीच जाणलेल्या गोष्टींशी जुळावेच लागते. जास्त फेऱ्यांनी जास्त वळण येत नाही, दगड प्रवासाच्या अखेरीस अधिक वळतो, झाडल्याने वळण कमी होते, ही सारी खेळाडूंची निरीक्षणे आज प्रत्येक सिद्धान्ताची परीक्षा घेतात.

आपल्या मुलांच्या घरीही असे जाणकार असतात. चाकावरच्या मातीत किती पाणी हवे हे कुंभाराला कळते, भाकरीचे पीठ कधी मळून झाले हे आजीला कळते. 'का' हे त्यांना सांगता येत नाही म्हणून ते अडाणी ठरत नाहीत. आणि ते उत्तम करतात म्हणून 'का' विचारण्याची गरजही संपत नाही.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. साधनेही घरातलीच. स्टीलचा पेला गुळगुळीत टेबलावर किंवा फरशीवर उपडा ठेवावा आणि एकदा घड्याळाच्या दिशेने, एकदा उलट फिरवत सरकवावा. तो कोणीकडे वळेल याचा अंदाज मुलांनी आधी वहीत लिहावा, मग पाहावे. प्रत्येक दिशेने निदान दहा वेळा करावे, कारण एखाद-दुसऱ्या वेळी पेला दगा देतो. पेला तसा का वळतो, हे वर दिलेल्या कारणावरून मुलांकडूनच काढून घेता येईल. त्यानंतर कर्लिंगचा दगड याच्या उलट जातो हे सांगावे. एखादा विद्यार्थी कारण विचारीलच. त्याला या वादाची आजवरची हकीकत सांगावी, आणि वाद अजून मिटलेला नाही हेही सांगावे. त्या कार्यशाळेतल्या बाईंना आम्ही हेच सांगायला हवे होते.